सोमवारची ओळ

मंदा गेल्याचं मला मंदानंच कळवलं.

मंगळवारची सकाळ होती. मोताळ्यात माझ्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून मी दूधवाल्याच्या नावानं बोटं मोडत होते, तेवढ्यात फोन किणकिणला. लोणारहून मंदाचा मेसेज. ‘पर्भे, मी आज हजेरी लावली नाई. घाबरू नको. आंधी चहा घे, मंग रुख्माले माह्या घरी पाठव.’ मी गॅस बंद केला. चहाचं तेवढं तिचं ऐकलं नाही, बाकी सगळं तिनं सांगितलं तसं केलं. रुख्मा म्हणजे तिची भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. मंदाच्या दाराची जादा किल्ली तिच्याकडे असायची. ती फोन कानाला लावूनच गेली. दार उघडल्याचा आवाज आला, तिच्या चपलांचा आवाज आला, मग ‘मंदाताई, वो मंदाताई’ अशा हाका… आणि मग बराच वेळ नुसत्या मागच्या पडवीतल्या चिमण्या ऐकू येत राहिल्या. शेवटी रुख्मा म्हणाली, "प्रभाताई, तुम्ही निंगा आता."

तो मेसेज मंदानं त्या सकाळी लिहिलेला नव्हता. तो केव्हाचा लिहून तिनं आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात ठेवून दिला होता, आणि वेळ आली तेव्हा कॉम्प्युटरनं तो माझ्याकडे धाडला. आम्ही दोघी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. ती बिनलग्नाची, लोणारला वडिलांच्या घरात. मी नवऱ्यामागे मोताळ्यात, मुलगा-सून-नात पुण्याला. रोज सकाळी आठच्या आत दोघींनीही आपापल्या फोनवरून मंदाच्या कॉम्प्युटरला नुसतं एक ‘ह’ पाठवायचं, हा आमचा नेम. आठ वाजता तो बघायचा, कोणाचा ‘ह’ आला, कोणाचा नाही. दोन्ही आले तर दोघींना कळवायचा, ‘मंदा हजर, पर्भी हजर.’ एकीचा आला नाही तर दुसरीला सावध करायचा. ही सगळी करामत मंदानं एका शेल स्क्रिप्टमध्ये बसवली होती. स्क्रिप्ट म्हटलं की माझ्या सुनेला नाटक आठवतं. ही तशी नव्हे. आपण बाहेर जाताना घरच्यांना चिठ्ठी लिहून ठेवतो ना, की दूध तापव, मग गिरणीतून दळण आण, पाऊस आला तर वाळवण आत घे… तशी ही कॉम्प्युटरला लिहिलेली चिठ्ठी. तो ती वरून खाली वाचतो आणि लिहिलं तेवढं करतो. लिहिणारी घरी आहे की नाही, हे तो बघत नाही.

मोताळ्याची एसटी राजूर घाटात शिरली तेव्हा फोनची रेंज गेली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मग बुलढाणा, चिखली, मेहकर. पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सरोवराकडून वारा येत होता, त्यात तो नेहमीचा उग्र वास. मंदा मागच्या पडवीत बाजेवर निजलेली होती, दुपारी पडायची तशीच, एक हात उशाखाली घालून. तिचा भाचा संजू चिखलीहून आला होता. डॉक्टर बघून गेले होते. झोपेतच गेली, हृदय थांबलं, तिला कळलंही नसेल, असं म्हणाले. पण केव्हा, ते नक्की सांगता येत नाही म्हणाले. रुख्मा मला बाजूला घेऊन कुजबुजली, "मले तं वाट्टे कालपासूनच असन. हात लय थंडा होता वो." मी तिला झटकूनच टाकलं. काल सोमवारी आठ वाजता माझ्या फोनवर आलं होतं, ‘मंदा हजर’. तो मेसेज मी काढून तिच्यापुढे धरला, संजूपुढे धरला, तिथी विचारायला आलेल्या गुरुजींच्याही पुढे धरला. काल सकाळी ती होती, म्हणजे गेली ती काल रात्री नाही तर आज पहाटे. माझ्या शब्दावर सगळ्यांनी मंगळवारची तिथी धरली. मला त्यात एक समाधान होतं, ते आता सांगायला हरकत नाही. ती एकटी पडून राहिली ती फार तर एक रात्र. एवढ्यासाठीच तर आम्ही हा सगळा खटाटोप मांडला होता.

मंदाची आणि माझी गाठ पडली ती बुलढाण्याच्या एका कचेरीत. तेव्हा जिल्ह्याच्या गावी कॉम्प्युटर ही बघायला जायची गोष्ट होती. आमच्या कचेरीत युनिक्सवर चालणारं एक धूड आलं, त्याला काही पडदे आणि कीबोर्ड जोडलेले, आणि त्यावर काम करायला आम्हा नव्या पोरींना बसवलं. त्या वेळच्या प्रभेचं काय वर्णन करू… अमरावतीहून बीएस्सी होऊन आलेली, खळीची साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, आणि आपण चंद्रावर यान पाठवणाऱ्या माणसांच्या तोलाच्या आहोत अशी पक्की समजूत. थंडगार खोलीच्या बाहेर चपला काढताना मी चपलासुद्धा शास्त्रज्ञासारख्या काढायची. मंदा लोणारची, बीकॉम झालेली, हातात डब्याची पिशवी. पहिल्या दिवशी तिनं त्या धुडाभोवती एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "हे रात्री बंद करतात का वो, का जागंच राह्यते?" मी हसले. असलं काही विचारायचं नसतं, असं मी तिला इंग्रजीत सांगितलं. उत्तर मलाही येत नव्हतं, हे मात्र सांगितलं नाही.

आम्हाला शिकवायला पुण्याचे एक मास्तर यायचे. माणूस सज्जन, पण आमच्या बोलण्याला हसायचा. मंदानं ‘काऊन?’ विचारलं की तो मागे वळून, ‘काऊन म्हणजे का, बरं का,’ असं बाकीच्यांना समजावून सांगायचा, आणि बाकीचे सगळे मलकापूर-मेहकरचेच असायचे. मंदानं तिची पहिली स्क्रिप्ट लिहिली. मशीन अडून बसलं की जागा संपली आहे, की कागद संपला आहे, की कोणाचं काम मध्येच लोंबकळलं आहे, हे शोधून पडद्यावर सांगणारी. आणि तिचं नाव ठेवलं ‘काऊन’. मशीन रोजच अडायचं. मास्तर रोज आमच्या खोलीत येऊन घसा खाकरून म्हणायचे, "ते जरा… काऊन चालवा." शिक्षण संपेपर्यंत त्यांचा उच्चार आमच्याइतका छान झाला होता.

माझी पहिली स्क्रिप्ट वेगळ्या थाटाची होती. वरचे साहेब कचेरी बघायला येणार होते. मी ठरवलं की मशीननंच त्यांचं स्वागत करायचं. प्रिंटरवर एक ओळ उमटेल, इंग्रजी अक्षरांत, ‘साहेब, आपले स्वागत आहे.’ एकदा उमटून काय होतं, पुन्हा पुन्हा उमटावी म्हणून मी ती एका फेऱ्यात, म्हणजे लूपमध्ये, घातली. फेरा सुरू कुठे करायचा हे मला येत होतं. थांबवायचा कुठे, ते शिकवलं त्या दिवशी मी बहुतेक साडीची खळ सारखी करत होते. साहेब आले, प्रिंटर खडखडायला लागला, आणि थांबेचना. कागदाची ती सलग पट्टी टेबलावरून खाली, खालून साहेबांच्या बुटांवर, बुटांवरून दारापर्यंत… स्वागत आहे, स्वागत आहे, स्वागत आहे. मी हात जोडून उभी, जणू असंच ठरलेलं होतं. मंदानं मागच्या पडद्यावर बसून काहीतरी टिपटिप केलं आणि खडखडाट थांबला. साहेब गेल्यावर मी तिला काय म्हणावं… "अजून थोडं चाललं असतं तरी शोभलं असतं." एवढी माझी मिजास. ती बिचारी तो कागद गोळा करत म्हणाली, "पर्भे, चालू करनं कोनालेही येते. थांबवाचं आंधी लिवत जाय."

तिची आणखी एक सवय सांगायला हवी. ती लिहिलेली ओळ कधी पुसायची नाही. एखादी ओळ नको झाली की तिच्या अलीकडे हॅशची खूण टाकायची. त्या आडव्या-उभ्या रेघांची खूण बघितली की आम्हाला सुतळीनं विणलेली बाज आठवायची, म्हणून आमच्या खोलीत ‘ही ओळ बाजेवर टाक’ असंच म्हणायचे. बाजेवर टाकलेली ओळ जागच्या जागी राहते, दिसते, वाचता येते. पण कॉम्प्युटर तिच्यापाशी आला की तिला उठवत नाही, तसाच पुढे जातो. मी फटाफट पुसून मोकळी होणारी. मंदा म्हणायची, "पुसू नको. कोनतरी कवातरी ते कामासाठीच लिवलं होतं. निजू दे तिले."

नोकऱ्या संपल्या, माझे यजमान गेले, मुलगा पुण्याला गेला. मला वाटलं आता मी मंदाला फोन करून दोघींच्या पाठदुखीची तुलना करत बसायचं. तर हिनं कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानातून एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यावर आमच्या जुन्या युनिक्सचं भावंड, लिनक्स, चढवलं, आणि मलाही एक डबडं घ्यायला लावलं. दुपारी फोन स्पीकरवर टाकून आमची शिकवणी चालायची. मी इतक्या वर्षांत सगळं विसरले होते. ती एक शब्दही विसरली नव्हती. ‘इफ’, म्हणजे ‘जर’, उघडला की तो उलटा लिहून ‘फाय’ म्हणून मिटवायचा, कंसाच्या आत दोन्ही अंगांना जागा सोडायची, आणि ती जागा सोडायला मी हमखास विसरायची. "पर्भे, लेक सासरी पाठवताना जागा पाह्यतं ना माणूस? मंग अठी काऊन नाई पाह्यत?" असं माझी लाज काढत काढत तिनं मला शिकवलं. पुण्याहून नातीचा फोन आला की मी तिला सांगायची, आत्ता नको, माझा लूप चालू आहे. तिला वाटायचं आजी गमतीनं बोलते.

हजेरीची कल्पना तिचीच. आमच्या ओळखीतल्या एक बाई घरात पडल्या आणि उशिरा कळलं, त्यानंतर तिनं हे मनावर घेतलं. कॉम्प्युटरला सिमकार्डाचं एक डोंगल लावलं, वीज गेली तर चालायला बॅटरी जोडली, आणि स्क्रिप्ट लिहिली. पहिले दिवस मजेत गेले. मग पहिला सोमवार आला, आणि आठ वाजता मला मेसेज, ‘पर्भे, मी आज हजेरी लावली नाई.’ फोन करते तर उचलत नाही. रुख्माचा फोन लागेना. मी नेसत्या साडीनिशी बस पकडली. घाट, बुलढाणा, चिखली, मेहकर, सगळ्या वाटेत मी देवाला काय काय कबूल केलं ते देवाच्या तरी लक्षात आहे की नाही कोण जाणे. धापा टाकत तिच्या दारात पोचले, तर ही पडवीत बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलते आहे. मला बघून डोळे मोठे केले, आणि ओठांवर बोट ठेवलं.

सोमवारी तिचं मौन असायचं. सूर्य मावळून दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही. आईपासून चालत आलेला नेम तिनं चुकवला नव्हता. मला ते ठाऊक होतं, पण मौनात ती फोनलाही हात लावत नाही हे ठाऊक नव्हतं. मग काय, दुपारपासून संध्याकाळपर्यंत आमचं एकतर्फी भांडण झालं. मी बोलत होते आणि ती शेंगा सोलत होती. मी म्हटलं माझा जीव गेला असता वाटेत. तिनं एक शेंग माझ्या हातात दिली. मी म्हटलं तुझ्या मौनाला आग लागो. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. इतकं मनमोकळं भांडायला मला नवऱ्याशीही कधी मिळालं नव्हतं. शेवटी तिनं देवापाशी दिवा लावला, हात जोडले, आणि वळून म्हणाली, "बस खराब होती का वो? गुडघे दुखले असतीन तुह्ये." मी रडायलाच लागले. "पुढच्या सोमवारचा करते मी बंदोबस्त," ती म्हणाली, "तुले पुन्हा असं धावा नाई लागनार."

आणि पुढच्या सोमवारी खरंच मेसेज आला, ‘मंदा हजर, पर्भी हजर’. मी तिला चिडवलंदेखील, की अखेर देवानं बोटांना सूट दिली म्हणायची. तिनं नुसतं ‘हाव’ म्हटलं. त्यानंतर एकही सोमवार चुकला नाही.

अग्नी दिल्यावर, रात्री तिथेच राहून, बुधवारी सकाळी मी परत निघाले. एसटीत बसले होते, आठ वाजले आणि फोन किणकिणला. ‘पर्भे, मी आज हजेरी लावली नाई. घाबरू नको. आंधी चहा घे…’ मी फोन पदरात गुंडाळला. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं वो काकू?" मी म्हटलं, काही नाही, मैत्रीण आहे. कॉम्प्युटर बंद करायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात तो डबा, पडदा काढून ठेवलेला, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला ते एक लहान स्टूलच वाटायचं. मी संजूला फोन करून सांगू शकत होते. नाही सांगितलं. गुरुवारी आला, शुक्रवारी आला. मीही सवयीनं रोज माझा ‘ह’ पाठवत होते… कोणाला, ते विचारू नका. आठ वाजायच्या आत मी चहा घेऊन टाकायची, म्हणजे तिचं ऐकल्यासारखं होईल.

मग सोमवार आला. मी कप घेऊन तयार बसले होते. फोन किणकिणला. ‘मंदा हजर, पर्भी हजर.’

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण त्या दिवशी मी घरातले सगळे दिवे भर उन्हाचे लावून ठेवले आणि कपाटाकडे पाठ करून बसले नाही. कोणी पाठवला असेल ‘ह’? तिचा फोन संजूकडे होता, त्यानं चुकून हात लावला असेल, अशी समजूत काढली. मंगळवारी पुन्हा नेहमीचं, हजेरी लावली नाई, घाबरू नको. म्हणजे गेलेलं माणूस एक दिवस येऊन गेलं. मला भीती वाटली ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. ती जर या सोमवारी हजर असू शकते… तर मागच्या सोमवारी?

तेरवी रविवारी होती. गेले. बाहेरच्या खोलीत मंदाचा फोटो मांडला होता, नेमका त्या डब्यावर. हाराच्या झेंडूच्या पाकळ्या गळून त्याच्या आतल्या पंख्याच्या जाळीत अडकल्या होत्या आणि आतून वारा आला की थरथरत होत्या. सगळी फोटोला नमस्कार करत होती, आणि फोटोखाली मंदाचं मशीन मंद आवाजात घुमत होतं. मी मुक्काम केला. सकाळी संजूला म्हटलं, "फोटो जरा उचल बाबा, मला तिच्याशी काम आहे." त्यानं काही न विचारता पडदा जोडून दिला. चिखलीत त्याचं मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे, यंत्राशी बोलणारी माणसं त्याला नवी नाहीत. पासवर्ड मला ठाऊक होता. ‘काऊन’.

हजेरीच्या कप्प्यात मंदाच्या नावाखाली ज्या दिवशी हजेरी लागली त्या दिवसाची एक फाईल, तारखेनिशी. ती यादी बघत होते, तेवढ्यात बाहेर रुख्माच्या घरी रेडिओवर बातम्या लागल्या. आठ. माझा फोन किणकिणला. कपाटावर ठेवलेला मंदाचा फोनही किणकिणला. संजूनं हातातली बशी खाली ठेवली. मी यादी पुन्हा मागवली, तर तिच्या शेवटी एक नवी फाईल बसलेली… आजच्या तारखेची. खोलीत आम्ही दोघंच, आणि मंदाच्या फोनला कोणी हात लावलेला नव्हता.

मग मी ते केलं जे आधीच करायला हवं होतं. यादीत प्रत्येक फाईलचं वजनही दिसतं, ते बघितलं. मंदा जिवंत असतानाच्या मंगळवार, बुधवार, गुरुवारच्या फाईलींना थोडंसं वजन होतं, आत तिचा ‘ह’ होता. सोमवारची फाईल मात्र रिकामी. आजची शून्य, मागची शून्य, त्याच्या मागची, त्याच्याही मागची… जिथवर सोमवार होते तिथवर शून्य.

स्क्रिप्ट उघडली. वरून खाली वाचत गेले, कॉम्प्युटर वाचतो तशी. माझी हजेरी चुकली तर तिला स्वतःला जायचा मेसेज तिथे होता, तो मी पहिल्यांदाच बघितला. ‘मंदे, पर्भीनं हजेरी लावली नाई. आता रडत बसू नको, पह्यली बस पाह्य.’ तो कधी कुणाला जाणार नव्हता. त्याच्या खाली ती ओळ होती. आज सोमवार असेल तर मंदाच्या नावाच्या फाईलला ‘टच’ कर. टच ही युनिक्समधली एक साधी आज्ञा आहे. ती काही लिहीत नाही, काही वाचत नाही. फाईलला नुसता हात लावते, आणि फाईल नसेल तर रिकामी तयार करते. आठ वाजता मशीन फाईल आहे की नाही एवढंच बघायचं, आत काय आहे ते नाही. आणि त्या ओळीच्या वर, बाजेवर टाकलेलं, फक्त माणसानं वाचायचं मराठी: ‘सोमवारी माह्यं मौन. पर्भीले सांगू नये. नाई तं ती पुन्हा बस धरून येईन, गुडघे दुखतात तिचे.’

हा तिचा बंदोबस्त. मी धावू नये म्हणून.

रुख्मानं दार उघडलं त्याच्या आदल्या सोमवारी मला जे ‘मंदा हजर’ आलं, ते तिनं पाठवलेलं नव्हतं. त्याआधी रविवारी सकाळचा ‘ह’ तिचा होता, त्याला वजन होतं. त्यानंतर मंगळवारपर्यंत ती होती की नव्हती हे सांगणारी एकही गोष्ट त्या घरात नाही. रुख्माला बोलावून विचारलं. ती पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "सोमवारी आमी कोनीच हाक मारत नाई ना वो त्याईले. गल्लीतले लेकरंबी दारासमोरून हळू जातात. मौन असते म्हणून." म्हणजे गल्लीला वाटलं मौन आहे, मला वाटलं हजर आहे. आणि ती पडवीत बाजेवर, उशाखाली हात घालून… दिवसभर. मी त्या दिवशी काय करत होते ते मला चांगलं आठवतं. बाजारात वांग्यांच्या भावावरून घासाघीस करत होते, मोठ्यानं हसत होते.

डॉक्टर म्हणाले होते, तिला कळलंही नसेल. ते मी मानते. लवकर कळून काही वाचलं असतं असंही नाही. पण तिची ती दुपार, ती संध्याकाळ, दिवा न लागलेली… ती माझ्या घरात अजून फिरते.

संजूला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, मंग तिथीचं काय करायचं? आपन तं मंगळवार धरला." माझ्याच शब्दावर धरला होता. मी म्हटलं, सोमवार धरा. रविवार रात्र असेल, सोमवार दुपार असेल, आपल्याला कळणार नाही. पण ज्या दिवशी ती कोणाशी बोलत नसे, तो दिवस तिचा. गुरुजींना मी सांगते, चुकले म्हणून. संजूनं मान हलवली, आणि कीबोर्डकडे हात नेत विचारलं, "हे सोमवारवालं उडवून टाकू का?"

"उडवायचं नाही," मी म्हटलं. "सरक."

ते मशीन मी मोताळ्याला आणलं. संजू गाडीत घालून घेऊन आला, मी मांडीवर फोटो घेतला होता. आता ते माझ्या खोलीत कोनाड्याखाली असतं, झेंडूची एक पाकळी अजून त्याच्या जाळीत आहे, ती मी काढलेली नाही. आमच्या आळीतल्या आणखी काही जणी हजेरीत आल्या आहेत. त्यांना मी स्क्रिप्ट शिकवते, कंसात जागा सोडायला त्याही विसरतात, आणि मी मंदाच्या तोंडची सगळी बोलणी त्यांना ऐकवते. एक नियम मी नवा केला. ज्या बाईचं मौन असेल, उपास असेल, अंग दुखत असेल, तिची हजेरी मशीननं लावायची नाही. दुसरीनं उठून तिच्या दारात जायचं आणि डोळ्यांनी बघून यायचं. ती बोलली नाही तरी चालेल.

मंदाचं नाव मी हजेरीच्या यादीतून काढून खाली बाजेवर टाकलं. सकाळचे मेसेज थांबले. सोमवारच्या ओळीपुढे बाज टाकायला मात्र मला वेळ लागला. अनेकदा बोट कीबोर्डपर्यंत नेलं आणि चहा ठेवायला उठले. ती ओळ चालू होती तोवर आठवड्यातून एकदा कोणीतरी तिच्या नावाला हात लावत होतं… शेवटी टाकली.

आता सोमवारी आठ वाजायला आले की मी त्या मशीनसमोर बसते. बायकांचे ‘ह’ आलेले असतात. आतला पंखा जरा जोरात फिरायला लागतो, म्हणजे चिठ्ठी वाचायला त्यानं सुरुवात केली. वरून खाली येतो. मंदाच्या ओळीपाशी पोचतो. बाज बघतो. आणि सोमवारी तिच्या दारावरून गल्ली जायची, तसा हाक न मारता पुढे जातो.